चालू आहे का, विकायची आहे का? (अनुभव धागा : जुन्या मोटारसायकली आणि थंडीचे दिवस)

येझदीवाले काका (नाशिक)

धाग्याचं कारण आधी सांगतो. जुनी मोटारसायकल दारात उभी असली की येणारा-जाणारा दोनच प्रश्न विचारतो : चालू आहे का, आणि विकायची आहे का. पहिल्याचं उत्तर मी लगेच देतो. दुसरा प्रश्न आला की चहा घेणार का, असं विचारतो.

यंदा निफाडकडे थंडीचा कडाका पडला, द्राक्षवाल्यांनी बागांत शेकोट्या केल्या, आणि डॉक्टरांनी माझी सकाळची किक बंद केली. गुडघा. त्यामुळे गाडी पोर्चमध्ये, मी खुर्चीत, आणि आठवणं चालू. म्हटलं एकट्याने कशाला आठवा. ज्यांनी एकच गाडी पुष्कळ वर्षं सांभाळली त्यांनी लिहावं : कुठली गाडी, कुठले रस्ते, अजून का ठेवली किंवा का काढली. 'पहिलं प्रेम' वगैरे नको. गाडीबद्दल लिहा.

सुरुवात माझ्यापासून. येझदी २५०, १९७६ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून निघणाऱ्या गाड्या आधी 'जावा' नावाने विकल्या जात, मग 'येझदी' झाल्या. १९९६ला कारखाना बंद पडला, म्हणजे माझी गाडी आपल्या कारखान्यापेक्षा जास्त जगली.

थंडीत तिला उठवायची रीत ठरलेली. पेट्रोलचा कॉक उघडायचा. कार्बोरेटरवरचं टिकलरचं बटण बोटाने दाबून धरायचं, पेट्रोल बाहेर येऊन बोटाला गार लागेपर्यंत. मग क्लच दाबून एक-दोन फुकट किका, कारण रात्रभरात गार तेलाने क्लचप्लेटा एकमेकींना चिकटलेल्या असतात. आणि मग खरी किक. नव्या पोरांना मजा वाटते ती इथे : या गाडीला वेगळी किकच नाही. डाव्या बाजूचा गिअरचा दांडा आत दाबून वर उचलायचा की तीच किक. लागली गाडी की परत खाली, परत गिअर. त्याच दांड्याची आणखी एक खुबी म्हणजे गिअर टाकताना क्लच आपोआप सुटतो. सापुताऱ्याहून येताना वणीच्या अलीकडे क्लचची वायर तुटली, तेव्हा हातातला लिव्हर लोंबकळत असताना आम्ही दोघं घरी आलो. मागे बसलेल्या हिला दाराशी उतरेपर्यंत पत्ता नव्हता.

कंपनीच्या कामासाठी मुंबईला जायचो ते पहाटे कसारा घाट उतरून. इगतपुरीला धुकं, आणि पुढे सहा व्होल्टचा दिवा. तो दिवा रस्ता दाखवायला नव्हताच, आपण येतोय एवढं समोरच्याला कळावं म्हणून होता. गाडी हळू झाली की तोही मंद व्हायचा. त्यामुळे बरा चालणारा एखादा ट्रक पकडायचा आणि त्याच्या उजेडात घाट काढायचा. अंगात स्वेटर, स्वेटरच्या आत छातीला आडवं वर्तमानपत्र, डोक्याला माकडटोपी. वर्तमानपत्राने वारा अडतो तसा अजून कशानेही अडत नाही. महागडं जॅकेट मुलाने दिलं आहे, तरी मी हे लिहितोय.

थंडीतलं अजून एक काम म्हणजे सायलेन्सर. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल, त्याची काजळी आत बसते आणि गाडी दमते. सिलिंडर एकच असला तरी येझदीला सायलेन्सर दोन, म्हणून काम दुप्पट. आतले बॅफल ओढून काढायचे आणि शेकोटीत टाकायचे. गल्लीतली पोरं शेकत बसायची आणि आमचे बॅफल निखाऱ्यात लाल व्हायचे. वास भयंकर. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, कारण त्यांचेही बॅफल त्यातच असायचे.

का ठेवली? ती अजून आवडते का, हे मला खरंच सांगता येत नाही. पण ती बिघडली की कशाने बिघडली ते मला कळतं. घरातल्या दुसऱ्या कुठल्याच यंत्राबद्दल आता मला हे म्हणता येत नाही. फ्रिज बंद पडला की आम्ही सगळे त्याच्यासमोर हात बांधून उभे राहतो.

उजवा पाय (कोल्हापूर)

काका, नमस्कार. आमच्याकडे बुलेट ३५०, वडिलांनी घेतलेली, मद्रासची. उजव्या पायात गिअर, एक वर आणि बाकीचे खाली. ब्रेक डाव्या पायाला. नातवाची गाडी चालवायला घेतली की ब्रेक म्हणून गिअर दाबतोय. नातू म्हणतो, आजोबा, तुम्ही मागंच बसा.

बुलेटला ताकद लागत नाही, अक्कल लागते, हे वडिलांचं वाक्य. टाकीपुढच्या अँमीटरचा काटा बघायचा. किक हळूहळू दाबत न्यायची, काटा मध्यावर आला की थांबायचं. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा छोटा लिव्हर) ओढून पिस्टन इतका-इतकासाच पुढं सरकवायचा, सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच लांब दांडगी किक. घाई केली तर किक उलटी येते. आमच्या भागात नडगीवर तसली खूण असलेले पुष्कळ जण सापडतील, आणि सगळे ती कौतुकानं दाखवतात.

थंडीत आंबोलीला जायचो. आजऱ्याच्या पुढं उसाच्या गाड्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा, चिपाडं रस्त्याला. बुलेट सावकाश ठेवली की आवाज आणि रस्ता जुळून येतो, पन्नासच्या वर कुणाला जायचं असतं? दूध-भाकरीचा डबा टाकीवरच्या पिशवीत, इंजिनच्या उबेनं शेवटपर्यंत कोमट.

गळणाऱ्या ऑइलबद्दल कुणी बोलू नये. खाली पत्र्याचा डबा ठेवतो. गळायचं थांबलं तर मी काळजी करीन, आत काही उरलं नसेल.

आता_स्कूटर (पुणे)

मी काढली. पश्चात्ताप नाही. आरएक्स १०० होती, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, आणि डिसेंबरच्या गार, दाट हवेत ती अजून चेकाळायची हे खरं आहे. सिंहगड पायथ्यापासून वर जाताना तिच्यापुढे कोण जातंय ते बघायला मागे वळावं लागायचं.

पण काका, 'मला कळतं' हे आपण आता म्हणतो. तेव्हा दुसरा इलाजच नव्हता. प्लग काळा पडायचा म्हणून खिशात प्लगपाना आणि पॉलिशपेपर. ऑफिसच्या कपड्यांना ऑइलचा वास. मागच्या माणसाच्या तोंडात आपला धूर. बटण दाबलं की सुरू होणारी इलेक्ट्रिक स्कूटर आहे आता, तिच्यात काय चालतं मला काडीचं कळत नाही आणि रात्री मला झोप छान लागते. गाडी घेणाऱ्याने तिचे पैसे मी दिले त्यापेक्षा जास्त दिले, हेही नमूद करतो.

फटफटीवाली बाई (अमरावती)

इथे सगळे पुरुषच लिहितील असं दिसते, म्हणून लिहिते.

मी मेळघाटात नर्स होते. सेमाडोह, हरिसाल, तिकडची उपकेंद्रं. आधी लुना होती, पण तिचा जीव तो केवढा, चढावर पॅडल मारून मीच तिला नेत असे. मग नवऱ्याची हिरो होंडा सीडी १०० मी घेतली आणि त्यांना सायकल दिली. फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची भानगड नाही. 'भरा, झाकण लावा, विसरून जा' अशी तिची जाहिरात होती. मेळघाटात पेट्रोलचा पंप विसरून चालत नाही. एकदा परतवाडा सुटला की पुढचं सगळं टाकीवर आणि सोबतच्या डब्यावर. कॉक रिझर्व्हला कधी गेला ते तोंडपाठ ठेवावं लागे.

१९९५च्या डिसेंबरात पल्स पोलिओ सुरू झाला, आणि त्याच्या फेऱ्या नेमक्या हिवाळ्यात. लशीचा डबा म्हणजे बर्फाचा डबा. तो कॅरिअरला बांधला तर खड्ड्यांत उडतो, म्हणून मी पुढे टाकीवर, पोटाशी घेऊन बसायची. वरून जानेवारीची पहाट, पोटाशी बर्फ. सागाची मोठी पानं रस्त्यावर पडलेली, त्यांच्यावर दहिवर, आणि वळणावर ब्रेक मारला की चाक सरकलंच. ब्रेक मारायचाच नाही, गिअरवर उतरायचं, हे कोणी शिकवलं नाही, रस्त्यानेच शिकवलं. पंजाबी ड्रेस घालायला साहेबांनी नाक मुरडलं होतं. मी म्हटलं, साडी नेसून तुम्ही चालवून दाखवा.

कोरकू वस्तीत गाडीचा आवाज आला की पोरं आधी पळून जायची, सुईची गाडी म्हणून. पोलिओत तोंडात थेंब टाकतात हे कळल्यावर तीच पोरं पाटीपर्यंत सामोरी यायला लागली.

गाडी अजून आहे. भाचा चालवतो, शेतात जायला. ठेवली कारण विकायला कोणी भाव देत नाही, सीडी १०० कोणाला पाहिजे! बुलेट-जावाचे शौकीन असतात, हिचे नसतात. राब राब राबलेल्या गाडीचं असंच असते.

हातोडी-पाना (कराड)

बाईंच्या शेवटच्या ओळीला माझी सही. माझं गॅरेज आहे. लोक जुनी जावा चकचकीत करून आणतात, आणि ज्या राजदूतने दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लावून घराणं पोसलं ती भंगारात जाते.

मुद्द्याचं बोलतो. संक्रांतीच्या आसपास माझ्याकडे जुन्या गाड्यांची रांग लागते, आणि दहातल्या बहुतेकांचा आजार एकच : उभी होती. चालवून मरणाऱ्या गाड्या मी कमी बघितल्यात. पावसाळ्यात कव्हर घालून ठेवली, दिवाळीला पुसली, थंडीत किक मारली, लागेना. कार्बोरेटर उघडला की तळाला पेट्रोल वाळून मधासारखी चिकट साय. त्यात पायलट जेट, म्हणजे गाडी हळू चालताना पेट्रोल देणारं बारीक भोक, बुजलेलं असतं, म्हणून गाडी फक्त अर्धा थ्रॉटल दिल्यावर चालते आणि हळू केली की बंद पडते.

आता त्यात इथेनॉलची भर. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता पंपावर तेच मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. अर्धी टाकी ठेवून गाडी महिनोन्‌महिने उभी केली की तळाला पाणी बसतं, पत्रा आतून गंजतो, जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगून मऊ पडतात. तेव्हा गाडी उभी करायचीच असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटर कोरडा होतो. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, फार पैसे पडत नाहीत.

पॉइंटवाल्यांनी (जुन्या गाड्यांत ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क म्हणजे पॉइंट) ते घासताना त्यांच्या जोडीचा कंडेन्सर विसरू नये. पॉइंट सारखे काळे पडून जळत असतील तर दोष घासणाऱ्याचा नाही, कंडेन्सर गेला. माणसं पॉइंटचे पॉइंट बदलतात आणि कंडेन्सर तोच.

आता_स्कूटर यांना एवढंच : तुमची झोप चांगली लागते कारण तुमची बॅटरी अजून नवी आहे.

रेडिचपासून_जवळ (इंग्लंड)

मूळचा साताऱ्याचा, आता बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला. इथून जवळच रेडिच, जिथे रॉयल एनफिल्डचा मूळ कारखाना होता. तो कधीच बंद झाला. माझ्या शेडमध्ये आहे ती बुलेट मद्रासची. तिथून ब्रिटनला गाड्या यायला १९७७ला सुरुवात झाली. इथले म्हातारे तिला 'इंडियन' म्हणतात आणि मला 'एनफिल्ड'. दोन्ही चुकीचं आहे, पण मी दुरुस्त करत नाही.

इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ धरू नये म्हणून. ते मीठ स्पोक आणि क्रोम खाऊन टाकतं, म्हणून नोव्हेंबर ते मार्च गाडी आत. चाळीस वर्षांवरच्या, मूळ रूपात असलेल्या गाडीला इथे वार्षिक तपासणीतून सूट आहे, तरी मी ती करून घेतो. दुसऱ्याच्या डोळ्यांना दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

कराडकरांच्या यादीत भर घालतो. बरेच जण 'आठवड्यातून पाच मिनिटं चालू करून ठेवतो' म्हणतात. तेवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही, पण आत बाष्प धरतं, तेच तेलात आणि सायलेन्सरमध्ये पाणी होऊन बसतं. चालवायची तर चांगली अर्धा तास रस्त्यावर चालवा, नाहीतर हात लावू नका. काका, तुमच्या येझदीलाही लागू.

नंबरपाटी (सोलापूर)

पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, पर्यावरण कर, हे सगळं केलं. आता नवी हाय सिक्युरिटी पाटी. आमच्या बुलेटची पुढची पाटी मडगार्डवर उभी, लांबट, दोन्ही बाजूंनी वाचता येणारी. नवी चौकोनी पाटी घेऊन पोरगा गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काका, हिला लावू कुठं?" शेवटी दिव्याखाली पट्टी वाकवून बसवली. गाडी आता चष्मा लावलेल्या मास्तरासारखी दिसते. चालते मात्र तशीच.

येझदीवाले काका (नाशिक)

सगळ्यांना उत्तर देत बसत नाही, वाचतोय. अमरावतीच्या बाईंचं हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मलाही कधीतरी चालवायला द्यायची होतीत. यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण बाई, लशीचा डबा टाकीवर कसा बांधायच्या ते सविस्तर लिहा. दोरी की रबर?

आता_स्कूटर, तुमचं म्हणणं खोडत नाही. गरजेपोटीच शिकलो. पण शिकलो ते गरज संपल्यावर विसरता येत नाही, त्याला काय करणार?

इंग्लंडकर, पाच मिनिटांचा प्रकार आमच्या घरी मुलगा करत होता, आजपासून बंद.

कराडकर, येझदीचा पेट्रोल कॉक बंद केला तरी झिरपतो आहे. वॉशर बदलला. आतली बैठकच घासली गेली असेल का?

हातोडी-पाना (कराड)

तेच असणार. नवा बाजारी कॉक घेऊ नका, त्याचे आटे जुळत नाहीत, टाकीचे खराब कराल. जुन्या गाडीचा एक काढलेला माझ्याकडे आहे, घासून बसवून देतो. टाकी रिकामी करून नुसता तुमचा कॉक पाठवा, माप घ्यायला. आणि काढल्यावर टाकीच्या भोकाला बूच मारा, नाहीतर उरलेलं पेट्रोल गरम सायलेन्सरवर.

फटफटीवाली बाई (अमरावती)

सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून. दोरी थंडीत ओली होऊन सैल पडते. डब्याखाली गोणपाटाची घडी, म्हणजे टाकीचा रंग जात नाही आणि डबा घसरत नाही. आणि तुमच्या मंडळींना सांगा, सीडी १०० इथे उभीच आहे, केव्हाही या. गिअर सगळे खालच्या बाजूला, शिकायला एक दुपार पुरते.