ग्लेन क्लोज: ऑस्करने डावललं की बाई कॅमेऱ्याला जरा जास्तच होतात?

तिसरी_घंटा:
काल परत अमेरिकन नटी ग्लेन क्लोजचा 'डेंजरस लिएझन्स' (१९८८) बघितला. शेवटी ऑपेरात लोक हुर्यो उडवतात आणि मग बाई आरशासमोर बसून तोंडावरचा मेकप पुसत राहते, बास, एक शब्द नाही. हिला ८ नॉमिनेशन्स आणि ऑस्कर शून्य! अन्याय नाही तर काय?

पॉपकॉर्नवाला:
अन्याय बिन्याय काही नाही हो. बाई मुळात नाटकवाल्या, १९७४ पासून ब्रॉडवेवर म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या रंगभूमीवर, पहिला सिनेमा थेट १९८२ ला म्हणजे पस्तिशीत, तोवर शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय हाडात मुरलेली, ती कॅमेऱ्यासमोर कशी जाणार? 'हिलबिली एलेजी' बघा, एकाच रोलला ऑस्करचं पण नॉमिनेशन आणि वर्षातल्या भंगार कामाच्या रॅझीचं पण. 😀

तिसरी_घंटा:
म्हणजे तुम्ही 'द वाइफ' बघितलाच नाही. नवऱ्याला नोबेल मिळाल्याचा फोन, ही दुसऱ्या रिसीव्हरवर ऐकतेय, आधी खूश आणि मग चेहऱ्यावरून काहीतरी हळूच उतरत जातं. यात कुठली आली शेवटची रांग? आपल्याकडे पण तेच, जरा आवाज चढला की 'नाटकी' म्हणून मोकळे.

न्यूजर्सीकर:
तुम्ही दोघं ऑस्करलाच धरून बसलात. २०१७ ला न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात 'सनसेट बुलेव्हार्ड' हे म्युझिकल नाटक बघितलं, पार वरची सीट, ४० जणांचा ऑर्केस्ट्रा स्टेजवरच आणि बाई सत्तरीला टेकलेल्या. वरून नाकडोळे काही दिसत नव्हते तरी सगळं कळत होतं. याच रोलला १९९५ ला टोनी, म्हणजे नाटकवाल्यांचं ऑस्कर, एकूण ३ टोनी. अजून काय पाहिजे?

पॉपकॉर्नवाला:
मी तेच म्हणतोय की, स्टेजवर राणी! 'फेटल अट्रॅक्शन'मध्ये मात्र शेवटी शेवटी भुताचा पिक्चर होतो.

तिसरी_घंटा:
अहो तो शेवट तिचा नाहीच! मूळ शेवटात ती जीव देते, टेस्ट स्क्रीनिंगला पब्लिकला पटलं नाही म्हणून परत शूट केलं, हिचा विरोध होता तरी. आणि खापर हिच्या अभिनयावर?

पॉपकॉर्नवाला:
हे माहीत नव्हतं, बरं. पण त्या वर्षी ऑस्कर 'मूनस्ट्रक'मधल्या शेर (Cher) या नटीलाच मिळायला हवं होतं, मिळालं, मी खूश.

तिसरी_घंटा:
आधी 'द वाइफ' बघा, मग बोलू.