जागतिक व्यापार संघटनेच्या निकालापायी एफआरपीचा कायदा बदलावा का?

पंचगंगाकाठ

मागच्या आठवड्यात गावी खोडव्याला तोड आली होती. बांधावर चुलत्यांनी विचारलं, "आमच्या उसाचा दर आता जिनिव्हातली माणसं ठरवणार व्हय?" एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला, कारखान्यानं उसाला द्यायचाच किमान दर; प्रश्न त्याचाच होता. तिथं घाईत नीट सांगता आलं नाही, म्हणून इथं मांडतो. मी कोल्हापुरात वकिली करतो आणि घरची दोन एकर ऊसशेती आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी हा विषय माझा आहे.

ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला या देशांनी २०१९ मध्ये भारताविरुद्ध जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार केली. १४ डिसेंबर २०२१ ला निकाल आपल्या विरोधात गेला. २०१४-१५ ते २०१८-१९ या सलग पाच हंगामांत उसाला दिलेला आधार उत्पादनाच्या एकूण मूल्याच्या १० टक्के मर्यादेपेक्षा जास्त होता, असं तक्रार ऐकणाऱ्या पॅनेलचं म्हणणं. साखर निर्यातीसाठी दिलेली अनुदानंही नियमबाह्य ठरली. त्यावर भारतानं अपील केलं. पण अमेरिकेनं नेमणुका अडवल्यामुळे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच ठप्प आहे. ऐकायला कुणी नाही अशा ठिकाणी आपलं अपील पडून आहे.

माझं मत सरळ सांगतो. जागतिक व्यापार करारावर सही आपण केलीय, तर कायदा आपणच, उघडपणे, संसदेत चर्चा करून बदलावा. एफआरपी १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशातून येते. त्याऐवजी रंगराजन समितीनं २०१२ मध्ये सुचवलेली वाटणी घ्यावी: साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला. शिवाय सरकारनं शेतकऱ्याच्या खात्यावर थेट पैसे द्यावेत, पण ते जमिनीमागे, पीक कुठलंही असो. असा आधार करारात बसतो. युरोपविरुद्धही साखरेचाच निकाल २००५ मध्ये लागला होता. त्यांनी २००६ पासून चार वर्षांत दर ३६ टक्क्यांनी उतरवले आणि बीट पिकवणाऱ्यांना थेट भरपाई दिली. आपण मात्र बंद दारापुढे बसून राहिलो, आणि उद्या दुसऱ्या देशानं करार मोडला तर त्याच्याकडे बोट दाखवायला आपल्याकडे तोंड राहणार नाही.

शिरोळचा ऊस

वकीलसाहेब, तुमचा मान राखून सांगतो, हे मला अजिबात पटलेलं नाही.

तुम्ही एफआरपीला दर म्हणताय. आमच्यासाठी ते हत्यार आहे. ऊस गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे नाही आले तर १५ टक्के व्याज, हे त्याच १९६६ च्या आदेशात लिहिलंय. कारखान्यानं थकवलं तर साखर आयुक्त आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा दाखला, काढतात, जिल्हाधिकारी साखर जप्त करून वसूल करतात. हे सगळं कशावर उभं आहे? आधी जाहीर झालेल्या एका आकड्यावर. २०२५-२६ ला सव्वादहा टक्के रिकव्हरीला (उसातून निघणाऱ्या साखरेला) टनाला ३,५५० रुपये. त्यातून तोडणी-वाहतूक वजा जाते, पण आकडा कागदावर असतो. उत्पन्नातला वाटा म्हणजे कारखान्यानं साखर विकून हिशेब दाखवला की मग. तो हिशेब कधी दाखवणार, आणि खरा कोण म्हणणार?

२०२२ ला राज्य सरकारनं एफआरपीचे दोन तुकडे करून ती दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला होता. तो मोडायला मार्च २०२५ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात भांडावं लागलं. आपल्याच सरकारकडून जे एवढ्या कष्टानं परत मिळवलं, ते आता परदेशातल्या पॅनेलच्या सांगण्यावरून सोडून द्यायचं?

आणि त्या १० टक्क्यांचं गणित बघा. आधार किती ते काढताना एफआरपीतून जो बाहेरच्या बाजाराचा दर वजा करतात, तो १९८६ ते ८८ च्या सरासरीचा. त्या वेळी मी बापामागं बैलगाडीतून कारखान्यावर जायचो. तेव्हाचं डिझेल, तेव्हाचं खत, तेव्हाची मजुरी आज कुठं मिळते ते दाखवा, मग मी तो दर मान्य करतो. वर सरकार एक रुपयाचाही ऊस विकत घेत नाही, पैसे कारखाना देतो. तरी सगळाच्या सगळा ऊस सरकारी आधारात धरला. भारतानं हेच तिथं मांडलं, ते ऐकून घेतलं नाही.

ताराराणी चौक

मी कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. दादांचा राग बरोबर आहे, पण मला वाटतं तो चुकीच्या टप्प्यावर निघतोय.

करार १५ एप्रिल १९९४ ला माराकेशला सही झाला. आपल्याकडे करार करणं हे कार्यकारी मंडळाचं काम, संसदेची आधी मंजुरी लागत नाही. शेती हा राज्यांचा विषय, पण कलम २५३ प्रमाणे करार पाळण्यासाठी संसद राज्यांच्या विषयावरही कायदा करू शकते. म्हणजे ज्या उसावर अख्खा कोल्हापूर जिल्हा चालतो, त्याला बांधणारी सही होताना महाराष्ट्र विधानसभेला विचारणं बंधनकारक नव्हतं. माझ्या मते पहिला बदल इथं हवा: सहीआधी संसदेत मतदान, आणि राज्याचा विषय असेल तर राज्याचं म्हणणं लेखी.

पण करारासाठी कायदा बदलणं म्हणजे दर वेळी मान तुकवणंच असतं, हे मी मानत नाही. स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धचा करार भारतानं १९९३ ला मान्य केला. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्याचाच आधार घेऊन कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दल नियम घालून दिले, कारण संसदेनं कायदा केलाच नव्हता. तो यायला २०१३ उजाडलं. तो करार नसता तर मधल्या सोळा वर्षांत नोकरी करणाऱ्या बायकांच्या हातात काय होतं?

पेटंटचंही बघा. २००५ पासून औषधांना उत्पादन पेटंट देणं भाग पडलं. पण तो बदल करतानाच आपण कलम ३(ड) घातलं: जुन्याच औषधाचं नवं रूप आणलं आणि परिणाम वाढला नाही, तर पेटंट नाही. त्याच कलमावर २०१३ मध्ये नोव्हार्टिसचा कर्करोगाच्या औषधाचा दावा फेटाळला गेला. करारही पाळला आणि रुग्णही वाचवला. उसाचं कलम ३(ड) कोणतं, हा प्रश्न विचारायला हवा.

कापशी जोड

आमच्या घरात चार पिढ्या चपला शिवतात, म्हणून दोन शब्द.

जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, त्याचा कायदा १९९९ चा. तोही याच व्यापार कराराखातर केलेला. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय मिळाला, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. आम्हांला केवढा आनंद झाला होता. मग जून २०२५ ला मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडानं आमच्यासारख्याच चपला उतरवल्या. नाव घेतलं नाही, घाट तेवढा उचलला. आरडाओरडा झाल्यावर मूळ भारतातलं असल्याचं त्यांनी पत्रानं कबूल केलं. पण आपला कायदा आपल्या हद्दीपुरता. आणि जीआय नावाला मिळतो, घाटाला नाही.

त्या करारात वाइन आणि दारूला वेगळं, जास्त कडक संरक्षण आहे. गिऱ्हाईक फसलं नाही तरी ते नाव दुसऱ्याला वापरता येत नाही. चपलेला, गुळाला, बाकी कशाला ते नाही. भारत किती वर्षं मागतोय, देत नाहीत. ज्यांच्या दारूची एवढी काळजी घेतली, त्यांनी आमच्या चामड्याची का घेऊ नये? म्हणून वकीलसाहेब, दुसऱ्याकडे बोट दाखवायला तोंड राहणार नाही म्हणता, ते मला पोचत नाही. आम्ही नियम पाळूनच बसलोय.

पंचगंगाकाठ

तुमचं म्हणणं माझ्या मुद्द्याच्या वर्मी लागलं, ते मान्य करतो. तरीही तो करारच नसता तर जीआयचा कायदा झाला असता का, याची मला शंका आहे.

शिरोळच्या दादांना: १९८६-८८ चा दर अन्याय्य आहे, यावर माझा तुमच्याशी वाद नाही. तो बदलून घेण्यासाठी भारतानं भांडावंच. फक्त, नियम अन्याय्य आहे म्हणून भांडणं वेगळं आणि नियम लागूच नाही असं वागणं वेगळं. कोर्टात रोज बघतो, दुसरं करणाऱ्याचं पहिलंही कुणी ऐकत नाही.

गाळप हंगाम

एका सहकारी कारखान्यात हिशेब विभागात नोकरी करून निवृत्त झालो. ७०:३० आपल्याकडे नवीन नाही. राज्यानं २०१३ मध्ये ऊसदराचा कायदा केला, ऊस नियंत्रण मंडळ नेमलं. पण खाली एफआरपीची जमीन होती म्हणून शेतकरी निर्धास्त होता. ती जमीन काढून नुसती वाटणी ठेवली, तर बगॅस (उसाचा चोथा), मळी, सहवीज (चोथ्यापासूनची वीज), इथेनॉल यांचा खर्च कुठल्या खात्यावर टाकायचा, एवढ्यावरच दर टनाला बराच खालीवर करता येतो. टेबलाच्या त्या बाजूला बसलोय म्हणून सांगतो. शिरोळकरांची भीती खरी आहे.

पंचगंगाकाठ

हे वाचून माझं मत बदललं. पूर्ण नाही, पण माझ्या मसुद्यात हे नव्हतं.

चौदा दिवस, १५ टक्के व्याज आणि आरआरसी ही तिन्ही कलमं दराच्या आकड्यापासून सोडवून घेता येतील. कारखान्यानं हंगामाआधी ऊस उत्पादकाशी लेखी करार करावा, त्यातली उचल, म्हणजे उसाचा पहिला हप्ता, तो स्वतः जाहीर करेल, आणि ती थकली तर हीच वसुली लागू. दर सरकारनं बांधला नाही, तर पॅनेलला वजाबाकी करायला सरकारी दरच उरत नाही. हिशेब तपासणारा मात्र कारखान्याबाहेरचा हवा. ताई, तुम्ही विचारलेलं कलम ३(ड) कदाचित हेच असेल. जमिनीमागची रक्कम दिल्याशिवाय एफआरपी हलवायची नाही, हेही त्यात लिहीन.

शिरोळचा ऊस

उचल कारखाना स्वतः जाहीर करणार म्हणता. जिल्ह्यातले सगळे कारखाने ठरवून एकच कमी आकडा लावतील त्याचं काय? आंदोलन आम्हांला चुकत नाही. एफआरपी असतानाही रस्त्यावर बसावं लागतं, नसताना काय होईल ते बोलायला नको. माझं मत बदललेलं नाही.

पंचगंगाकाठ

त्याला उत्तर माझ्याकडे आज नाही. रविवारी कच्चा मसुदा इथंच टाकतो. २०१४ ते २०१९ च्या हंगामांची तुमची बिलं असतील तर द्याल का? त्या पाच वर्षांत हातात खरं किती पडलं, ते बघून लिहायचंय.

शिरोळचा ऊस

पाचही वर्षांची आहेत. २०१९ च्या पुरात पेटी भिजली होती, एकेक कागद उन्हात वाळवून ठेवलाय. फोटो काढून टाकतो.