मदत हवी आहे: केडन्स सेन्सर घरी नीट चालतो, रस्त्यावर गेलं की घड्याळाशी तुटतो

नमस्कार मंडळी,

दीड महिना झाला, या एका गोष्टीने पार वैताग आणलाय म्हणून जरा सविस्तरच लिहितेय. डिसेंबरमध्ये पहिली २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड, करायची आहे, साडेतेरा तास मिळतात, तेवढ्यात होईल असं वाटतंय. काळजी आहे ती गुडघ्याची. उजव्या गुडघ्याची वाटी दुखायला लागली तेव्हा फिजिओने मला सायकल चालवायला लावून बघितलं आणि सांगितलं की ताई तुम्ही जड गिअर टाकून दाबत दाबत चालवता, सपाटीला केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडल किती वेळा फिरतं तो आकडा, ८० च्या खाली जाऊ देऊ नका, चढाला ७० तरी ठेवा. आता ८० म्हणजे किती हे मला नुसतं पायाला कळत नाही, मला ८० वाटतं तेव्हा घड्याळात ६२ दिसतं, त्यामुळे तो आकडा डोळ्यासमोर असणं मला खरंच गरजेचं आहे, आकड्यांची हौस म्हणून नाही.

घड्याळ डाव्या मनगटावर असतं, त्यात ब्लूटूथ आणि अँट प्लस (सेन्सर बिनतारी जोडायची दुसरी पद्धत) दोन्ही आहे. छातीला हार्ट रेटचा पट्टा, मागच्या हबवर स्पीड सेन्सर, आणि डाव्या क्रँकच्या (पेडलच्या दांड्याच्या) आतल्या बाजूला केडन्सचा पॉड, म्हणजे छोटा सेन्सर, बिनचुंबकाचा, रबराने बांधायचा असतो तो. पट्टा आणि स्पीड एकदाही तुटलेले नाहीत. कटकट आहे ती फक्त केडन्सची.

होतं असं की सकाळी पार्किंगमध्ये क्रँक दोनदा फिरवला की पॉडचा हिरवा दिवा लुकलुकतो, घड्याळ लगेच पकडतं. कोथरूडहून निघते, चांदणी चौकापर्यंत छान, भूगावच्या पुढे गेले की, साधारण वीस मिनिटांनी, मनगटावर थरथर, सेन्सर डिसकनेक्टेड. मग कधी दोन मिनिटांनी परत येतो, कधी पिरंगुट घाट चढून उतरेपर्यंत येतच नाही, आणि मला तर तो नेमका घाटातच हवा असतो. त्यात भर म्हणजे काही दिवस घरीसुद्धा सापडत नाही, विशेषतः रविवारी, आणि सोमवारी आपोआप सापडतो!

आत्तापर्यंत सेन्सर घड्याळातून काढून परत जोडला, घड्याळ रीस्टार्ट केलं, अपडेट टाकलं, घड्याळ मनगटावरून काढून हँडलबारला लावून बघितलं, पॉड उजव्या क्रँकला लावला तर तो चेनरिंगला घासायला लागला म्हणून परत डावीकडे आणला, आणि तीन आठवड्यांपूर्वी सेलसुद्धा बदलला कारण ॲप बॅटरी लो दाखवत होतं, पण खरं सांगायचं तर सेल बदलल्यापासून त्रास वाढलाच आहे. दुकानदार म्हणतो पॉड गेला, नवीन घ्या. घ्यायला हरकत नाही, पण नवीन घेऊनही हेच झालं तर काय करू? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:

ताई, रविवारचं कोडं आधी सोडवू. घरात अजून कोणी तो पॉड एखाद्या फोनला किंवा टॅबला जोडलाय का? असे बरेच पॉड ब्लूटूथवर एका वेळी एकाच यंत्राशी बोलतात, आणि ज्याने पकडला त्याने पकडला, बाकीच्यांना तो दिसतच नाही. अँट प्लसचं तसं नाही, तिथे सेन्सर रेडिओ स्टेशनसारखा आपला आकडा सोडत राहतो, ऐकणारे कितीही असोत. घड्याळात सेन्सर शोधताना तोच पॉड यादीत दोनदा दिसेल, त्यातला अँट प्लसवाला घ्या, ब्लूटूथवाला काढून टाका. आणि हे ग्रुप राईडला करू नका, घरी एकट्या असताना करा, नाहीतर शेजारच्याचा केडन्स तुमच्या घड्याळात यायचा.

उत्तर:

दादा, अगदी बरोबर. मुलगा रविवारी माझीच सायकल ट्रेनरवर लावून टॅबवर इनडोअर ॲप चालवतो आणि त्याने हा पॉड जोडून ठेवलाय. मी हॉलमधून सायकल बाहेर काढताना क्रँक फिरतो, पॉड जागा होतो आणि चार्जिंगला लावलेला टॅब त्याला पकडून बसतो. टॅबमधून काढला, घड्याळात अँट प्लसवाला घेतला, या रविवारी पहिल्या झटक्यात मिळाला. पण भूगावच्या पुढे परत तुटलाच, तीनदा. टॅब तर घरी होता.

प्रतिसाद:

ताई, किती मिनिटांनी तुटतो ते सोडा, कुठे तुटतो ते बघा. राईडचा आलेख मोठ्या स्क्रीनवर उघडा, केडन्सची रेघ जिथे तुटलीय तिथे नकाशावर काय आहे ते बघा आणि इथे लिहा. हँडलबारला कॅमेरा लावत असाल तर त्याचं वायफायही एकदा बंद करून बघा, तेही बऱ्याचदा २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि अँट प्लस, ब्लूटूथही तिथेच. पण मला संशय वेगळाच येतोय.

उत्तर:

कॅमेरा नाही माझ्याकडे. काल रात्री बसून चार राईड उघडल्या. अकरा ठिकाणी रेघ तुटलीय, त्यातल्या नऊ जागा मला तोंडपाठ आहेत, प्रत्येक ठिकाणी रंबलर आहेत नाहीतर खड्डे! मी आपली वेळ धरून बसले होते, वीस मिनिटांनी तुटतो, वीस मिनिटांनी तुटतो, आणि खरं म्हणजे मला पहिल्या रंबलरपर्यंत पोचायलाच वीस मिनिटं लागतात. मग पॉड काढून कानाशी धरून हलवला तर आत बारीक टक टक आवाज येतोय. हे काय असेल?

प्रतिसाद:

सेल सैल आहे. झाकण उघडा आणि सेलवर कोरलेला नंबर वाचून सांगा. २०३२ आहे का? काही सेलना लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून कडू लेप दिलेला असतो, त्याच्यामुळेही एखाद्या यंत्रात कॉन्टॅक्ट नीट लागत नाही, पण तो टक टक वाजणार नाही.

उत्तर:

२०२५! चष्मा लावून दोनदा वाचलं. सीआर २०२५. जुना सेल ड्रॉवरमध्ये पडला होता, त्यावर २०३२ आहे. दोन्ही शेजारी ठेवले तर वरून अगदी सारखे, रुपयाच्या नाण्यासारखे, आडवे धरले की फरक दिसतो.

प्रतिसाद:

झालं तर मग. पहिले दोन आकडे म्हणजे व्यास, दोन्ही २० मिलिमीटर. पुढचे दोन म्हणजे जाडी, २०३२ ची ३.२ मिलिमीटर आणि २०२५ ची २.५. व्होल्टेज दोन्हीचं ३ च, म्हणून पॉड चालू होतो, घरी सगळं ठीक दिसतं. पण आतल्या पत्तीवर सेल नीट दाबून बसत नाही, गचका बसला की क्षणभर करंट तुटतो, पॉड परत सुरू होतो आणि घड्याळ शोधत राहतं. नवीन २०३२ टाका, पत्ती बोटाने अगदी हलकेच वर उचला, सुक्या कापडाने पुसून घ्या, आणि झाकणाची रबरी रिंग खोबणीत नीट बसलीय ना ते बघा, पावसात पाणी तिथूनच शिरतं.

उत्तर:

सेल बदलून आज चौथी राईड झाली. पिरंगुटपर्यंत जाऊन येऊन केडन्सची रेघ एकदाही तुटलेली नाही, सगळ्या रंबलरवरून मुद्दाम नेली सायकल. जुना सेल लो होता म्हणून आधी तुटत असणार आणि मग मी त्याच्या जागी पातळ सेल टाकला, असं दिसतंय. दुकानदाराने न बघता दिला आणि मीही न वाचता बसवला. घाटात आज ७१ च्या खाली गेले नाही, एक गिअर आधीच हलका केला आणि गुडघा संध्याकाळपर्यंत गप्प आहे. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार, निम्मं अंतर तुम्ही माझ्यासोबत चाललात.

एकच शंका राहिली. राईडच्या शेवटी सरासरी केडन्स ६६ दाखवतो आणि मी तर बहुतेक वेळ ८० च्या आसपास होते. सेटिंगमध्ये शून्य धरायचं की वगळायचं असा पर्याय दिसतोय. उतारावर पाय थांबलेले असतात तेही त्यात धरलं जात असेल का? फिजिओला दाखवायला कुठला आकडा बरा?