आयआयटीत पोहोचल्यावर घरची परिस्थिती मागे राहते का?

जुना लातूरकर:
“आयआयटीचे फाटक ओलांडले की बापाचा पगार कोणी विचारत नाही, गरिबाला शुल्क तर माफच असते,” असे ‘पगारदार’ यांनी काल लिहिले. मला ते मुळीच पटलेले नाही. २०२४ मध्ये मुझफ्फरनगर जिल्ह्यातील एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादमध्ये जागा मिळाली होती. अनुसूचित जातीचा असल्यामुळे त्याचे शिक्षणशुल्क माफच होणार होते, तरी जागा निश्चित करण्याचे १७,५०० रुपये मुदतीत भरता न आल्याने ती गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला तेव्हाच परत मिळाली. माझे स्वतःचेही सांगतो. तिसऱ्या वर्षी मला परदेशातील एका विद्यापीठाकडून उन्हाळी संशोधनासाठी बोलावणे आले. विमानभाडे तिथे पोहोचल्यावर परत मिळणार होते, परंतु तिकीट आधी स्वतः काढायचे होते. आईने फोनवर “किती दिवसांत परत देतात?” एवढेच विचारले, आणि दुसऱ्या दिवशी मी नकार कळवला.

पगारदार:
धनबादची घटना दुर्दैवी आहे, पण एका घटनेवरून साऱ्या व्यवस्थेचा निवाडा करू नये. वर्षाचे शिक्षणशुल्क दोन लाख. कौटुंबिक उत्पन्न एक लाखाच्या आत असेल तर पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन तृतीयांश माफ. माझे उत्पन्न पाच लाखांच्या किंचित वर होते आणि पगार आणि करकपात दाखवणाऱ्या फॉर्म सोळामध्ये रुपया न् रुपया दिसतो, म्हणून आयआयटीतल्या माझ्या मुलीचे सगळे शुल्क मी भरले. मुलीच्या खोलीतल्या मैत्रिणीच्या घरी द्राक्षबाग आणि ट्रॅक्टर असूनही तहसीलदाराचा दाखला मात्र एक लाखाच्या आतला! आधी दाखले खरे निघू द्या.

निफाडची:
द्राक्षबागेचे नाव घेतलेत म्हणून लिहिते. ट्रॅक्टर दारात दिसतो, त्याचा हप्ता दिसत नाही. छाटणीपासून फवारणीपर्यंतचा खर्च उधारीवर होतो, आणि माल उतरायला आठ दिवस उरलेले असताना अवकाळी पावसाने मणी तडकले की व्यापारी बागेकडे फिरकतही नाही. त्या वर्षी एक लाख सोडा, हिशेब उणे निघतो. आपण त्या मुलीच्या घरी कधी गेला होता का?

पगारदार:
गेलो नव्हतो. तरीही चांगल्या वर्षीही दाखल्यावरचा आकडा तेवढाच कसा राहतो, याचे उत्तर आपण दिलेले नाही, आणि आवाज चढवून ते मिळणारही नाही.

निफाडची:
चांगल्या वर्षी मागचे कर्ज फिटते. खोटे दाखले निघतात, हे मी नाकारत नाही. पण एका बागेकडे बोट दाखवून सगळ्या शेतकऱ्यांच्या मुलांना खोटे ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

जुना लातूरकर:
दोघेही दाखल्यातच अडकलात. पाच लाखांची रेषा एका रुपयाने ओलांडली तरी एक लाख तेहतीस हजारांचा भार अंगावर येतो, हा पगारदारांवर अन्यायच आहे, हे मला मान्य करावे लागेल. परंतु मेसचे बिल, लॅपटॉप, प्रवास यांतले काहीही शिक्षणशुल्काच्या माफीत येत नाही, आणि माझा मुद्दा तोच होता. आपल्या मुलीवर असे तिकीट आधी काढण्याची वेळ आली असती, तर आपण काय केले असते?

पगारदार:
तिच्यावर ती वेळ आली होती. मी त्याच संध्याकाळी क्रेडिट कार्डावर तिकीट काढले. तेवढ्यापुरते आपले म्हणणे मान्य करतो. दाखल्यांबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही.