फळ्या फेकण्याआधी त्यांची मागची बाजू पाहा

तुमच्या जुन्या जीएमसी मोटरहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, आतलं सगळं लाकूडकाम उखडून नवीन बसवायचं, असं तुम्ही लिहिलंय. कळकळीने सांगतो, जरा थांबा. जीएमसी या अमेरिकन कंपनीची ही मोटरहोम 1973 ते 1978 एवढ्याच काळातली, आणि तिच्यातलं पुष्कळ काही खोलल्याशिवाय नजरेला पडत नाही.

मी कपाटं उतरवली तेव्हा मागच्या बाजूला पेन्सिलीने ओढलेल्या रेषा आणि मापं निघाली. बिजागऱ्यांच्या पट्टीखाली लॅमिनेटचा मूळ रंग ताजा होता. बाहेरचा पार विटलेला. पुन्हा रंग जुळवायचा तर याहून खात्रीचा नमुना नाही. जुनी स्क्रूची भोकंही बुजवू नका, आधी फोटो काढा. मधल्या मालकांनी काय हलवलं ते त्यांवरूनच कळतं.

जमिनीचं तर विशेषच. इंजिन ओल्ड्समोबाइल टोरोनॅडो या कारचं, पुढची चाकं गाडी ओढणारी, त्यामुळे मागच्या चाकांना फिरवायला मागे जाणारा शाफ्टच नाही. मागेही दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा आडवा अॅक्सल नाही. प्रत्येक बाजूला एकामागे एक दोन चाकं आणि मध्ये स्प्रिंगचं काम करणारी हवेची पिशवी. म्हणून तर जमीन इतकी खाली आणि सपाट! केवढा विचार केलाय त्या माणसांनी. मात्र ती चाकं धरणाऱ्या भुजा चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे जोडल्यात, तिथला गंज नीट तपासा. सजावट नंतर.

एक गोष्ट आवर्जून: त्या काळच्या फरशीत किंवा तिच्या गोंदात अॅस्बेस्टॉस असू शकतं, ज्याची धूळ फुफ्फुसांना घातक असते. घासण्याआधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या.