अनुभव धागा : १०८ लावल्यापासून कॅज्युअल्टीच्या दारापर्यंत मिनिटं कुठे जातात?

पाऊलवाट : राज्यात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४ला सुरू झाली ती ९३७ गाड्यांवर. त्यातल्या २३३ एएलएस (गंभीर पेशंटसाठी जास्त उपकरणांच्या), ७०४ बीएलएस (प्राथमिक सोयींच्या). महामार्गावरचे अपघात, घरात एकटे राहणारे म्हातारे, दवाखान्यात होणारी बाळंतपणं, सगळ्याचेच कॉल वाढताहेत. या कामातल्या मंडळींनी लिहा. किस्से नकोत, खाचाखोचा हव्यात.

निशाचर : पहिली गळती पत्त्यात. राज्यभरचे फोन एका केंद्रात येतात. तिथल्या माणसाला ‘मारुतीच्या देवळामागे’ कळत नाही, आणि वडगाव-पिंपळगाव तर जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. आधी जिल्हा, मग तालुका, गाव आणि शेवटी खूण. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर किलोमीटरचा आकडा आणि दिशा दोन्ही लागतात. नुसतं ‘लोणावळ्याजवळ’ म्हटलं की पेशंट मुंबईकडच्या बाजूला आणि गाडी पुण्याकडच्या. मध्ये दुभाजक, वळायला थेट पुढचा एक्झिट. आणि ज्या नंबरवरून फोन केलात तो मोकळा ठेवा. गाडीतून उलट फोन त्याच नंबरवर येतो, आणि तो नेमका सगळ्या नातेवाइकांना कळवण्यात गुंतलेला असतो.

गारवा : शहरात रस्त्यापेक्षा जिना जास्त वेळ खातो. जुन्या इमारतींच्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही. दम लागलेल्या पेशंटला आडवं करूही नये, त्याला खुर्चीतूनच उतरवा. आडवं न्यायचंच असेल तर जिना उतरताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला. पडून मान-पाठीला मार असेल तर चादरीत गुंडाळून उचलू नका; मानेची कॉलर आणि स्पाइन बोर्ड (पाठ सरळ ठेवणारी कडक फळी) वर येईपर्यंत थांबा. तोवर एकाने खाली जाऊन फाटकातल्या दुचाक्या हलवाव्यात.

केसरीटोपी : ऑक्सिजनचं गणित कुणी करत नाही म्हणून सविस्तर लिहितो. भरलेल्या बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण १५०० लिटर. नॉन-रिब्रीदर मास्कला (जास्त ऑक्सिजन देणारा पिशवीवाला मास्क) मिनिटाला १५ लिटर लावले तर १०० मिनिटं, तीही कागदावर. काटा अर्ध्यावर असेल तर ५० धरू नका, ४० धरा. घाटातून दोन तासांचं रेफर (पेशंटला मोठ्या रुग्णालयात हलवणं) असेल तर १८०० लिटर लागतात, म्हणजे एका सिलिंडरवर निघायचंच नाही.

आता खरी मेख. व्हॉल्व्ह बंद केला पण रेग्युलेटरमधला उरलेला वायू सोडला नाही, तर काटा जुन्याच आकड्यावर उभा राहतो. पुढच्या शिफ्टचा माणूस लांबून बघतो आणि ‘भरलेला’ लिहून मोकळा! व्हॉल्व्ह उघडून बघितलेला आकडाच खरा. जोडताना फुस्स आवाज आला तर वॉशर गेलाय; नट आणखी आवळून तो थांबत नाही, वॉशर बदला. आणि सिलिंडरची चावी सुतळीने सिलिंडरलाच बांधा. रात्री सगळ्यात आधी तीच हरवते.

झाडपाला : खासगी गाडी बोलावताना ‘कार्डियाक’ या पाटीवर जाऊ नका. डिफिब्रिलेटर (हृदयाला शॉक देणारं यंत्र) चार्ज आहे का, सक्शन (घशातला स्राव ओढून काढणारं यंत्र) चालतं का आणि सोबत कोण येणार, एवढं फोनवरच विचारा. लकव्याचा पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला होता ती वेळ कागदावर लिहून द्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास त्या वेळेपासून मोजतात, तुमच्या फोनपासून नाही.

निशाचर : रेफरबद्दल राहिलंच. तालुक्याची गाडी जिल्ह्याला गेली की जाऊन-येऊन चार तास तो तालुका उघडा. गाडी वाढवली तरी हे तास कमी होत नाहीत. निघण्याआधी तिथल्या डॉक्टरांशी बोलून बेड, व्हेंटिलेटर, रक्त आहे का ते पक्कं करा, नाहीतर दारातून तिसरीकडे पाठवणी होते. बेड मिळाला तरी कॅज्युअल्टीत ट्रॉली रिकामी नसते, मग पेशंट गाडीच्याच स्ट्रेचरवर राहतो. स्ट्रेचर अडकलं म्हणजे गाडी अडकली. केंद्रात मात्र ती ‘रुग्णालयात पोहोचली’ अशीच दिसत असते.