इन्चार्ज सिस्टरच्या जाचामुळे नोकरी सोडणे योग्य ठरेल का?

मिरजकर परिचारिका:
मी मिरजेतील एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डमध्ये सहा वर्षे काम करत आहे. वर्षभरापूर्वी आलेल्या इन्चार्ज सिस्टर जरा चूक झाली की रुग्णाच्या नातेवाइकांसमोर पाणउतारा करतात, आणि कोणी उलट बोलले तर पुढच्या महिन्यात तिच्या नाइट वाढतात. मागे एका नवीन मुलीने अँटिबायोटिक तासभर उशिरा देऊन नोंद मात्र वेळेवरची केली. मला ते कळले, तरी मी गप्प राहिले. पगाराची तक्रार नाही. पण राजीनाम्याचा विचार रोज येतो. हा माझा हळवेपणा आहे का?

निवृत्त परिसेविका, सातारा:
हळवेपणा मुळीच नाही. अमेरिकेतील संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात रुग्णालयांतील औषधांच्या चुका अभ्यासल्या, तेव्हा चांगल्या नेतृत्वाखालील विभागांतच चुकांच्या नोंदी जास्त निघाल्या, कारण तिथे चूक सांगायची भीती नव्हती. तुमच्या वॉर्डमध्ये नेमके उलटे झाले आहे. बोलणी खाऊन कोणी लगेच नोकरी सोडत नाही (आम्ही काय कमी खाल्ली?), पण खरे सांगितले तर आपल्यालाच शिक्षा होईल, अशी खात्री पटली की आधी इन्चार्जवरचा, मग व्यवस्थापनावरचा विश्वास उडतो, आणि राजीनामा त्यानंतर कधीतरी येतो.

स्टाफ नर्स, सांगली:
ताईंचे म्हणणे मान्य आहे, तरी दुसरी बाजूही पाहावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आमच्याकडे रात्री दोघींवर तीस खाटा असतात, आणि वरून येणारा दाब इन्चार्ज आमच्यावर काढते. अर्थात, नाइट लावून सूड उगवणे याने समर्थनीय ठरत नाही. मागील सहा महिन्यांचे ड्युटी चार्ट जपून ठेवा आणि मेट्रनना तोंडी न सांगता लेखी अर्ज देऊन पोच घ्या. सोडायचेच ठरले, तर अनुभवाचा दाखला हातात आल्याशिवाय भांडण वाढवू नका.

मिरजकर परिचारिका:
चार्टचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यामुळे अर्ज या आठवड्यात देते. मात्र त्या उशिराच्या डोसचा उल्लेख त्यात केला, तर पहिला फटका त्या मुलीलाच बसेल. त्यामुळे आधी तिच्याशी बोलणार आहे.